१८१२ चे अमेरिका–ब्रिटन युद्ध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात लढाया झाल्या म्हटले की बहुतेकांना वॉशिंग्टन, बोस्टनचा चहा आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा आठवतो. त्यानंतर तीसेक वर्षांनी हेच दोन देश पुन्हा भिडले. त्या दुसऱ्या युद्धातल्या लढाया, त्यातली वळणे आणि त्याचे आपल्या मुंबईशी जुळलेले धागे यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

हे म्हणजे अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्धच ना?

नाही. स्वातंत्र्ययुद्ध १७७५ ला सुरू झाले आणि १७८३ च्या पॅरिसच्या तहाने संपले. हे युद्ध १८ जून १८१२ ला जाहीर झाले आणि फेब्रुवारी १८१५ मध्ये कागदोपत्री मिटले. युरोपात तेव्हा नेपोलियन रशियावर चालून निघाला होता. पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता आणि इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून एल्फिन्स्टन येऊन बसला होता. लंडनच्या दृष्टीने अमेरिकेतली लढाई हे नेपोलियनच्या मोठ्या युद्धाच्या कडेला लागलेले एक उपकांड होते. हे ध्यानात ठेवले की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

युद्ध पेटले कशावरून?

मुख्य कारण समुद्रावरचे. नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश आरमाराला माणसे कमी पडत होती, म्हणून त्यांचे अधिकारी भर समुद्रात अमेरिकन जहाजे थांबवत आणि ‘हा आमचा पळालेला खलाशी’ म्हणत माणसे उचलून नेत. जन्माने ब्रिटिश तो मरेपर्यंत ब्रिटिश, असा त्यांचा कायदा. अमेरिकेच्या हिशेबाने सहा हजारांहून जास्त खलाशी असे ओढून नेले गेले. जून १८०७ मध्ये तर ‘लेपर्ड’ या ब्रिटिश जहाजाने ‘चेसापीक’ या अमेरिकेच्या लढाऊ जहाजावर, तेही अमेरिकेच्याच किनाऱ्याजवळ, तोफा डागल्या आणि चार जण उचलले. त्यातल्या एकाला नंतर फाशी दिली.

शिवाय फ्रान्सची कोंडी करण्यासाठी ब्रिटनने तटस्थ देशांच्या व्यापारावर हुकूमनामे लादले होते. त्याचा फटका अमेरिकन व्यापाऱ्यांना बसत होता.

दुसरे कारण जमिनीवरचे, आणि ते तेवढ्या उघडपणे बोलले जात नसे. पश्चिमेकडे सरकणाऱ्या गोऱ्या वसाहतवाल्यांना मूळनिवासी जमातींची जमीन हवी होती. शॉनी जमातीचा नेता टेकम्सा या जमातींची एकजूट बांधत होता आणि तिला कॅनडातल्या ब्रिटिशांकडून बंदुका-दारूगोळा मिळत होता. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, हेन्री क्लेसारखे तरुण सभासद ‘कॅनडाच घेऊन टाकू’ म्हणत होते. गंमत अशी की ज्यांची जहाजे अडवली जात होती त्या न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या, व्यापाऱ्यांनाच युद्ध नको होते. मतदान झाले ते प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३.

बातमी वेळेत पोहोचली असती तर युद्ध टळले असते का?

कदाचित. व्यापाराचे ते जाचक हुकूमनामे रद्द करायचे ब्रिटिश सरकारने जूनच्या मध्यावर ठरवले आणि २३ जूनला ते रद्दही केले. तोवर पाचच दिवसांपूर्वी अध्यक्ष मॅडिसन यांनी युद्धाच्या ठरावावर सही केली होती. अटलांटिक ओलांडायला शिडाच्या जहाजाला महिना-दीड महिना लागे. मात्र खलाशांच्या जबरी भरतीचा प्रश्न तसाच राहिला असता आणि पश्चिमेकडची जमिनीची भूक तर कुठल्याच हुकूमनाम्याने भागणारी नव्हती. त्यामुळे ‘टपाल उशिरा आले म्हणून युद्ध झाले’ हे म्हणणे मला जरा सोपे वाटते. पण टपालाचा हा उशीर पुढे शेवटपर्यंत या युद्धाची पाठ सोडत नाही.

कॅनडावर हल्ला करून अमेरिकेला काय मिळाले?

पहिल्या वर्षी नामुष्की. ‘नुसते चालत गेलो तरी कॅनडा मिळेल’ अशी माजी अध्यक्ष जेफरसन यांच्यासारख्यांची खात्री होती. झाले उलटेच. जुलै १८१२ मध्ये ब्रिटिशांनी ह्युरन सरोवरातला मॅकिनॅकचा किल्ला न लढताच घेतला. तिथल्या अमेरिकन शिबंदीला युद्ध जाहीर झाल्याचे कळलेच नव्हते!

मग सरहद्दीवरचे अमेरिकन शहर डेट्रॉइट. जनरल विल्यम हल म्हातारा झालेला, रसद तुटलेली. समोर होते ब्रिटिश सेनापती आयझॅक ब्रॉक आणि टेकम्सा. ब्रॉककडे माणसे कमी होती, पण त्याने हौशी शिपायांना लाल कोट चढवून सगळी फौज कवायती असल्याचा देखावा केला. ‘लढाई सुरू झाली की हे मूळनिवासी योद्धे माझ्या ताब्यात राहणार नाहीत’ अशी धमकीही धाडली. १६ ऑगस्टला हलने दोन हजारांहून जास्त सैनिकांसह शहर देऊन टाकले. पुढे लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला, पण मॅडिसन यांनी तो माफ केला.

ऑक्टोबरमध्ये नायगाराजवळच्या क्वीन्स्टन टेकडीवर अमेरिकन सैन्य नदी ओलांडून चढले. ब्रॉक तिथेच मारला गेला. विजय हाताशी आलेला असताना मागच्या काठावरच्या न्यूयॉर्कच्या हौशी पलटणींनी नदी ओलांडायला नकार दिला. परमुलखात जाऊन लढायला आम्ही बांधील नाही, असे त्यांचे म्हणणे. पलीकडे अडकलेले नऊशेच्या वर लोक कैद झाले.

मग समुद्रावर अमेरिका भारी पडली हे खरे का?

पहिल्या सहा महिन्यांपुरते खरे. ब्रिटिश आरमाराकडे शेकडो जहाजे, अमेरिकेकडे मोठी फ्रिगेट, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजे, मोजून थोडी. पण ती थोडी जहाजे फार चांगली बांधलेली होती. ‘कॉन्स्टिट्यूशन’ने १९ ऑगस्ट १८१२ ला ‘गेरियर’ हे ब्रिटिश जहाज निकामी केले. तिच्या जाड लाकडी कडेवरून तोफगोळे उसळून परत जाताना पाहून खलाशांनी तिला ‘ओल्ड आयर्नसाइड्स’ हे नाव दिले, अशी कथा आहे. तिचा कप्तान आयझॅक हल हा डेट्रॉइट घालवणाऱ्या हलचाच पुतण्या. तीन दिवसांपूर्वी काकांनी घालवलेली अब्रू पुतण्याने राखली, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या दृष्टीने मजेशीर आहे ती २९ डिसेंबरची लढाई. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ हे ब्रिटिश फ्रिगेट गाठले. ते हिंदुस्थानकडे निघाले होते. त्यावर मुंबईच्या लष्कराचा नेमलेला सेनापती लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होता आणि मुंबई गोदीत बांधल्या जात असलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या ७४ तोफांच्या जहाजाच्या बुडाला मढवायचे तांब्याचे पत्रेही होते. ‘त्रिंकोमाली’ या दुसऱ्या जहाजाचे नकाशेही याच जहाजातून मुंबईला येत होते. ‘जावा’चा कप्तान लॅम्बर्ट प्राणांतिक जखमी झाला. जहाजाची इतकी चाळण झाली की कॅप्टन बेनब्रिज यांनी ते ओढून नेण्याऐवजी जाळून टाकले. त्याआधी ‘जावा’चे सुकाणूचक्र काढून आपल्या जहाजाला बसवले, कारण ‘कॉन्स्टिट्यूशन’चे स्वतःचे चक्र गोळ्याने उडाले होते.

हिस्लॉपला, अमेरिकेविरुद्ध पुन्हा लढणार नाही या शब्दावर, सोडून दिले. पुढे तो मद्रासचा सेनापती होऊन हिंदुस्थानात आलाच. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये खानदेशातल्या थाळनेरच्या किल्लेदाराला फासावर चढवणारा हिस्लॉप तो हाच.

मग ब्रिटिशांनी समुद्रावर काय केले?

मोठी जहाजे आणून अमेरिकेचा किनारा कोंडला. १ जून १८१३ ला बोस्टनजवळ ‘शॅनन’ने ‘चेसापीक’ला पंधराएक मिनिटांत जिंकले. अमेरिकन कप्तान जेम्स लॉरेन्स मरता मरता ‘जहाज सोडू नका’ म्हणाला, असे सांगतात. त्यानंतर अमेरिकेची बहुतेक फ्रिगेट बंदरातच अडकून पडली. त्या काळात ब्रिटनला खरा त्रास दिला तो सरकारी परवाना घेऊन व्यापारी जहाजे लुटणाऱ्या खाजगी गलबतांनी.

या युद्धातले सर्वांत मोठे वळण कोणते?

माझ्या मते दोन, आणि दोन्ही गोड्या पाण्यावरची. वॉशिंग्टनची आग आणि न्यू ऑर्लिन्सची लढाई जास्त प्रसिद्ध आहेत, पण युद्धाचा निकाल लागला सरोवरांवर. कारण साधे आहे. त्या सरहद्दीवर रस्ते जवळजवळ नव्हतेच. घनदाट जंगल, दलदल. पीठ, तोफा, दारूगोळा, माणसे सगळे पाण्यावरून न्यावे लागे. ज्याच्या हाती सरोवर त्याच्या हाती काठावरचा मुलूख.

पहिले वळण ईरी सरोवराचे, १० सप्टेंबर १८१३. अठ्ठावीस वर्षांचा ऑलिव्हर हॅझार्ड पेरी याने पेनसिल्व्हेनियाच्या काठावर प्रेस्क आईलला आरमार उभे केले. झाडे तोडायची आणि ती ओली असतानाच त्यांच्या फळ्या जहाजाला ठोकायच्या, असा प्रकार. लोखंड, दोर, तोफा शेकडो मैलांवरून आणाव्या लागल्या. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध होता, त्यावरून मोठी जहाजे निघेनात. तेव्हा तोफा उतरवून, दोन्ही बाजूंना पोकळ तराफे बांधून जहाजे वर उचलली आणि पलीकडे काढली. ब्रिटिश आरमार ऐन त्या वेळी नाकेबंदी सोडून गेले होते. ते तिथे असते तर पेरीचे नाव आज कोणाला ठाऊक नसते.

लढाईत अमेरिकेची नऊ जहाजे आणि ब्रिटिशांची सहा. पेरीच्या मुख्य जहाजाचे नाव ‘लॉरेन्स’, त्याच मेलेल्या कप्तानावरून. झेंड्यावर त्याचेच शब्द: ‘जहाज सोडू नका’. दोन तासांत ‘लॉरेन्स’वरचे पाचातले चार जण मेले किंवा जखमी झाले. आणि मग पेरीने जहाज सोडले! छोट्या होडीत बसून, गोळ्यांच्या माऱ्यातून तो ‘नायगारा’वर गेला. ते जहाज तोवर का कोण जाणे मागेच रेंगाळले होते. त्याने ते थेट ब्रिटिश रांगेत घुसवले आणि पंधरा मिनिटांत ब्रिटिशांचा अख्खा ताफा शरण आला. ब्रिटिश कमांडर बार्क्लेचा एक हात आधीच्या लढाईत गेला होता, दुसरा या लढाईत जायबंदी झाला. पेरीने जुन्या पाकिटाच्या पाठीवर जनरल हॅरिसनला लिहून कळवले: शत्रूची गाठ पडली आणि तो आमचा झाला.

ईरी गेल्यावर डेट्रॉइटमधल्या ब्रिटिशांची रसद तुटली. त्यांना माघार घ्यावी लागली.

टेकम्साचे काय झाले?

ब्रिटिश सेनापती प्रॉक्टर मागे हटू लागला तेव्हा टेकम्साने त्याला सर्वांदेखत सुनावले. आम्ही आमची जमीन सोडणार नाही, तुम्हाला पळायचे असेल तर बंदुका आम्हाला द्या आणि जा, असा त्या भाषणाचा मथितार्थ. ५ ऑक्टोबर १८१३ ला कॅनडातल्या थेम्स नदीकाठी हॅरिसनच्या घोडदळाने हल्ला केला. ब्रिटिश रांग काही क्षणांत फुटली आणि प्रॉक्टर निसटला. टेकम्सा आणि त्याचे लोक दलदलीत झुंजत राहिले आणि तिथेच टेकम्सा पडला. त्याचे शव कुठे गेले ते कधीच नक्की झाले नाही.

त्याच्याबरोबर जमातींची एकजूटही संपली. त्याला मीच मारले, या दाव्यावर रिचर्ड जॉन्सन पुढे उपाध्यक्ष झाला. हॅरिसन अध्यक्ष झाला आणि महिन्याभरात वारला.

दक्षिणेत काय चालले होते?

क्रीक जमातीत आपापसात आणि मग अमेरिकनांशी युद्ध पेटले. २७ मार्च १८१४ ला अलाबामातल्या हॉर्सशू बेंड इथे अँड्र्यू जॅक्सनने क्रीकांचा एक गट चिरडला. त्याच्या बाजूने चेरोकी आणि क्रीकांचाच दुसरा गट लढला होता. ऑगस्टच्या तहात सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन काढून घेतली गेली, आणि ती साथ देणाऱ्या क्रीकांचीही. या जमिनीवर पुढे कापूस पिकला आणि गुलामगिरी फोफावली. युद्धाच्या इतिहासात या तहाला दोन ओळी मिळतात, ते मला पटत नाही.

ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळले ते कसे आणि का?

एप्रिल १८१४ मध्ये नेपोलियनने गादी सोडली आणि युरोपात मोकळ्या झालेल्या ब्रिटिश पलटणी अमेरिकेकडे वळल्या. जनरल रॉस आणि ॲडमिरल कॉकबर्न चेसापीकच्या उपसागरातून आत शिरले. अमेरिकेचे युद्धमंत्री आर्मस्ट्राँग म्हणत होते, वॉशिंग्टनवर कोण कशाला येईल, ते बाल्टिमोरवर जातील. २४ ऑगस्टला ब्लेडन्सबर्गला अमेरिकन फळी मोडली. हौशी शिपाई इतक्या वेगाने पळाले की लोकांनी तिला ‘ब्लेडन्सबर्गची शर्यत’ म्हणायला सुरुवात केली. टिकून लढले ते कमोडोर बार्नीचे खलाशी, ज्यांचे काम मुळात जमिनीवर लढण्याचे नव्हतेच.

अध्यक्ष मॅडिसन स्वतः रणांगणाजवळ होते. त्यांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांनी निघण्यापूर्वी जॉर्ज वॉशिंग्टनचे मोठे तैलचित्र चौकटीतून सोडवून सुरक्षित पाठवले. चित्र उतरवण्याचे प्रत्यक्ष काम घरातल्या नोकरांनी केले, त्यांत गुलामही होते. संध्याकाळी ब्रिटिश अधिकारी अध्यक्षांच्या घरी आले, मांडून ठेवलेले जेवण जेवले आणि मग घर पेटवले. कॅपिटॉल, म्हणजे संसदेची इमारत, आणि खजिन्याची इमारतही गेली. गोदी अमेरिकनांनी स्वतःच जाळली. पेटंट कचेरी तिथल्या अधिकाऱ्याच्या रदबदलीने वाचली. दुसऱ्या दिवशी मोठे वादळ झाले आणि ब्रिटिश परत फिरले.

का जाळले? आदल्या वर्षी अमेरिकनांनी यॉर्कचे, म्हणजे आजच्या टोरांटोचे, संसदगृह जाळले होते आणि डिसेंबरात नायगाराकाठचे नेवार्क गाव कडाक्याच्या थंडीत पेटवून दिले होते. लष्करी दृष्टीने या सगळ्याचा उपयोग थोडा. वॉशिंग्टन तेव्हा लहानसे गाव होते, ते गेल्याने युद्ध थांबले नाही. संसदेच्या ग्रंथालयाची पुस्तके मात्र जळली. जेफरसन यांनी आपला ६,४८७ पुस्तकांचा खाजगी संग्रह सरकारला विकला आणि त्यातून ते ग्रंथालय पुन्हा उभे राहिले.

आगीचे डाग लपवायला पांढरा रंग दिला म्हणून ‘व्हाइट हाउस’ म्हणतात का?

नाही. इमारत आधीपासून पांढरी होती आणि ते नावही आगीपूर्वी लोकांच्या तोंडी होते.

अमेरिकेचे राष्ट्रगीत याच युद्धातले ना?

होय. वॉशिंग्टननंतर ब्रिटिश बाल्टिमोरवर गेले. १२ सप्टेंबरला जमिनीवरच्या चकमकीत जनरल रॉस मारला गेला. त्याचे शव रमच्या पिंपात ठेवून हॅलिफॅक्सला नेले. १३ तारखेपासून सुमारे पंचवीस तास आरमाराने फोर्ट मॅकहेन्रीवर बॉम्ब आणि रॉकेट डागले. सकाळी किल्ल्यावर झेंडा होताच. मेरी पिकर्सगिल या बाईंनी शिवलेला तो झेंडा ३० फूट बाय ४२ फूट होता, आणि आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एका कैद्याच्या सुटकेसाठी गेलेला वकील फ्रान्सिस स्कॉट की हा मारा संपेपर्यंत पाण्यावरच अडकून पडला होता. त्याने त्या पहाटेवर कविता लिहिली. ती राष्ट्रगीत झाली १९३१ मध्ये.

त्या कवितेत रॉकेटच्या लाल झगमगाटाचा उल्लेख आहे. ती रॉकेटे विल्यम काँग्रीव्हची. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूची रॉकेटे इंग्लंडला गेली आणि त्यांच्या अभ्यासातून काँग्रीव्हने आपली बनवली.

की हा मुंबईत बांधलेल्या ‘मिंडन’ जहाजावर बसून कविता लिहीत होता, हा मजकूर मात्र व्हॉट्सॲपवर फिरतो तेवढाच. तो होता पांढऱ्या निशाणाखाली गेलेल्या अमेरिकन गलबतावर.

आणि दुसरे वळण?

प्लॅट्सबर्ग, ११ सप्टेंबर १८१४. बाल्टिमोरच्या त्याच आठवड्यात घडले म्हणून झाकोळले गेले.

कॅनडाचा गव्हर्नर जनरल सर जॉर्ज प्रीव्होस्ट दहा हजारांवर सैन्य घेऊन शॅम्प्लेन सरोवराच्या काठाने दक्षिणेला उतरला. त्यात स्पेनमध्ये ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या हाताखाली मुरलेल्या पलटणी होत्या. समोर जनरल मॅकोम, कवायती शिपाई दीड हजार, बाकी गोळा केलेले लोक. जमिनीवर लढाई झाली असती तर निकाल उघड होता. पण सरोवर हातात असल्याशिवाय प्रीव्होस्ट पुढे जायला तयार नव्हता, कारण रसद पाण्यावरून यायची.

अमेरिकन कमांडर थॉमस मॅकडोना याने समोरून जाऊन भिडण्याऐवजी प्लॅट्सबर्गच्या उपसागरात नांगर टाकून वाट पाहिली. नांगरांना आणि दोरांना त्याने अशी जोड दिली होती की वाऱ्याची मदत न घेता जहाज जागच्या जागी फिरवता यावे. ब्रिटिशांचे ‘कॉन्फियन्स’ हे सरोवरातले सर्वांत मोठे जहाज, पण ऑगस्टअखेर पाण्यात उतरवलेले. लढाईला निघतानाही त्यावर सुतार काम करत होते. कप्तान डाउनी सुरुवातीच्या मिनिटांतच मेला. तोफांच्या माऱ्याने दोन्ही मुख्य जहाजांची एकेक बाजू निकामी झाली. मग मॅकडोनाने आपले ‘सॅराटोगा’ दोर ओढून फिरवले आणि दुसऱ्या, ताज्या बाजूच्या तोफा समोर आणल्या. ब्रिटिशांनीही ‘कॉन्फियन्स’ फिरवायचा प्रयत्न केला, पण ते अर्ध्यात अडकले. अडीच तासांत सगळे आटोपले. प्रीव्होस्टने काठावरचा हल्ला अर्धवट सोडला आणि रसद मागे टाकून कॅनडात परतला.

या लढाईने इतका काय फरक पडला?

बेल्जियममधल्या गेंट शहरात ऑगस्टपासून तहाची बोलणी चालू होती. ब्रिटिश बाजू कडक होती: मूळनिवासींसाठी स्वतंत्र पट्टा हवा, जिंकलेला मुलूख आमच्याकडे राहील. ऑक्टोबरात प्लॅट्सबर्ग आणि बाल्टिमोरच्या बातम्या लंडनला पोहोचल्या. सरकारने वेलिंग्टनला विचारले, तुम्ही अमेरिकेत जाल का? असईच्या रणातून तावून निघालेल्या त्या माणसाने नोव्हेंबरात स्पष्ट लिहिले की सांगाल तर जाईन, पण तिथे सेनापतीची नव्हे, सरोवरांवरच्या आरमाराची उणीव आहे, आणि आजच्या स्थितीत मुलूख मागण्याचा तुम्हाला काही अधिकार नाही. मग ब्रिटिशांनी मागण्या सोडल्या.

गुलामांची या युद्धात काय भूमिका होती?

मोठी, आणि बराच काळ विसरली गेलेली. एप्रिल १८१४ मध्ये ॲडमिरल कॉक्रन यांनी जाहीर केले की जो आमच्या जहाजांपर्यंत येईल तो सैन्यात भरती होऊ शकेल किंवा ब्रिटिश वसाहतीत मोकळा माणूस म्हणून राहू शकेल. सुमारे चार हजार लोक मेरिलँड, व्हर्जिनिया, जॉर्जियातून पळून आले. काहींची ‘कलोनियल मरीन्स’ ही पलटण उभी राहिली आणि ती वॉशिंग्टनच्या स्वारीतही होती. युद्धानंतर बरेच जण नोव्हा स्कोशियात आणि त्रिनिदादमध्ये वसले. मालकांनी नुकसानभरपाई मागितली आणि १८२६ मध्ये ब्रिटनने बारा लाख डॉलर मोजले. पैसे मिळाले ते मालकांना.

न्यू ऑर्लिन्सची लढाई तह झाल्यावर झाली, म्हणजे ती व्यर्थच ना?

गेंटचा तह २४ डिसेंबर १८१४ चा आणि लढाई ८ जानेवारी १८१५ ची, हे खरे. पण दोन्ही सरकारांनी मंजुरी दिल्यावरच लढाई थांबेल, असे तहातच लिहिले होते. अमेरिकन सिनेटची मंजुरी १६ फेब्रुवारीची. त्यामुळे जानेवारीत युद्ध कायद्यानेही चालूच होते. त्या लढाईनंतरही ब्रिटिशांनी मोबीलजवळचा फोर्ट बॉयर घेतला.

लढाई स्वतः भीषण होती. जॅक्सनने एका कालव्यामागे मातीचा बांध घालून तोफा बसवल्या होत्या. त्याच्याकडे टेनेसी-केंटकीचे बंदूकबाज, मोकळे कृष्णवर्णी शिपाई, चोक्टॉ योद्धे आणि जाँ लाफितचे समुद्री लुटारू अशी खिचडी फौज होती. ब्रिटिश सेनापती पॅकेनहॅम, वेलिंग्टनचा मेहुणा, धुक्याच्या आडोशाने समोरून चालून आला. धुके विरले. बांध चढायच्या शिड्या आणि खंदक भरायच्या मोळ्या आणायचे ज्या पलटणीकडे होते ती त्या मागेच विसरली. अर्ध्या-पाऊण तासात ब्रिटिशांचे दोन हजारांवर मेले, जखमी झाले किंवा सापडले. पॅकेनहॅमही गेला. अमेरिकेकडचे मेलेले तेरा.

तहाच्या कलमांवर तिचा परिणाम शून्य, पण जॅक्सन तिच्या जोरावर १८२८ ला अध्यक्षपदी निवडून आला.

तहात ठरले काय?

युद्धापूर्वी जे जसे होते तसे. खलाशांच्या जबरी भरतीबद्दल एक शब्द नाही. नेपोलियन गेल्यावर ब्रिटनला तिची गरज उरली नव्हती, म्हणून ती आपोआप थांबली. मूळनिवासींना १८११ चे हक्क परत देण्याचे कलम होते, ते कागदावरच राहिले.

मग जिंकले कोण?

अमेरिका आणि ब्रिटन बरोबरीत. अमेरिकन याला दुसरे स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात, ते मला फुगवलेले वाटते. त्यांचे स्वातंत्र्य काढून घ्यायला ब्रिटन निघालेच नव्हते. कॅनडा टिकला, हा कॅनेडियनांचा विजय म्हणता येईल. १८१३ मध्ये शाटोगे नदीकाठी द सालाबेरीच्या फ्रेंच भाषक शिपायांनी मोठे अमेरिकन सैन्य परतवले, ते तिथे अजून अभिमानाने सांगितले जाते. हरले ते टेकम्साचे लोक आणि क्रीक. पूर्वी ब्रिटिशांचा आधार घेऊन अमेरिकेशी सौदा करता येत असे, तो मार्ग कायमचा बंद झाला.

१८१७ च्या करारात दोन्ही देशांनी सरोवरांवरची लढाऊ जहाजे जवळजवळ काढून टाकली.

शेवटची गोळी कुठे सुटली?

जावा बेटाजवळच्या सुंदा सामुद्रधुनीत, आणि ती मुंबईच्या जहाजावर. अमेरिकेची ‘हॉर्नेट’ आणि ‘पीकॉक’ ही दोन जहाजे हिंदी महासागरात ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार लुटायला निघाली होती. एप्रिल १८१५ मध्ये त्यांना एक मोठे जहाज दिसले. मालाने भरलेले कंपनीचे जहाज समजून ती जवळ गेली, तर ते निघाले ‘कॉर्नवॉलिस’, तांबे वाटेत गमावूनही मुंबई गोदीतून १८१३ ला पाण्यात उतरलेले. ‘हॉर्नेट’ने तोफा, नांगर, होड्या सगळे समुद्रात फेकून कसाबसा जीव वाचवला.

‘पीकॉक’ पुढे गेली. ३० जूनला आंजेरजवळ तिला बॉम्बे मरीनचे, म्हणजे कंपनीच्या मुंबई आरमाराचे, ‘नॉटिलस’ हे छोटे जहाज भेटले. लेफ्टनंट बॉइस याने तह झाल्याचे कळवले. अमेरिकन कप्तान वॉरिंग्टनला ती थाप वाटली. झेंडा उतरवा, तो म्हणाला. बॉइसने नकार दिला. मारा झाला, ‘नॉटिलस’वरची माणसे मेली, बॉइसचा पाय गेला. दुसऱ्या दिवशी तहाची खात्री पटल्यावर वॉरिंग्टनने जहाज परत केले. दूरच्या समुद्रांसाठी तहात १२० दिवसांची सवलत होती, तीही तोवर उलटून गेली होती.

यातले आज प्रत्यक्ष काय पाहता येते?

‘कॉन्स्टिट्यूशन’ बोस्टनला तरंगते आहे आणि अजूनही अमेरिकन आरमाराच्या सेवेत नोंदलेले आहे. ईरी सरोवरात पुट-इन-बे इथे पेरीच्या विजयाचा उंच स्तंभ आहे. न्यू ऑर्लिन्सजवळ शालमेटचे रणांगण जपलेले आहे. इंग्लंडात असाल तर हार्टलपूलला जा. ज्याचे नकाशे ‘जावा’बरोबर गेले, ते ‘त्रिंकोमाली’ नवे नकाशे आल्यावर जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईत सागवानात बांधले गेले, १८१७ ला पाण्यात उतरले आणि आज तिथे संग्रहालय म्हणून उभे आहे. तिकीट काढून त्याच्या डेकवर फिरता येते.